दीड लाखाचा मॉनिटर घ्यावा का? कोपर्निकस मार्गावरची एक संध्याकाळ

घरात एखादी महागडी वस्तू यायची असली की चर्चा वस्तूची कमी आणि पैशांची जास्त होते. तुमच्याही घरात हेच होत असणार. आमच्याकडे ही वस्तू म्हणजे कॉम्प्युटरचा मॉनिटर होती. माझा धाकटा भाऊ नोएडात एका खोलीत राहून फोटो एडिटिंगची कामे करतो. त्याला हवा होता २७ इंची ५के मॉनिटर. किंमत १,५९,९०० रुपये. बाबा साताऱ्याहून फोनवर म्हणाले, "अगं, तू लिहितेस-वाचतेस, जरा बघ. खरंच गरज असेल तर मी एफडी मोडतो."

निवृत्तीनंतरची एफडी आहे ती. त्यामुळे मी दिल्लीला गेले, तेव्हा नुसती फिरायला गेले नव्हते.

शनिवारी सकाळी आम्ही नेहरू प्लेसला गेलो. कॉम्प्युटरचा हा बाजार तुम्ही पाहिला असेल तर माझी अवस्था समजेल. दुकानदाराने दोन मॉनिटर शेजारी लावले, एक ४के आणि एक ५के. दोन्हींवर बर्फाच्छादित डोंगर. "फरक दिसतोय ना?" त्याने विचारले. भाऊ "हो" म्हणाला, मी "नाही" म्हणाले. मग आम्ही काहीही न घेता व्हायोलेट लाइनची मेट्रो पकडली आणि मंडी हाऊसला उतरलो. संध्याकाळी एलटीजीमध्ये नाटक होते, त्याला अजून दोन तास होते. भाऊ म्हणाला, "ताई, इंडिया गेटपर्यंत चालत जाऊन येऊ."

मंडी हाऊस चौकापासून इंडिया गेटच्या षट्कोनापर्यंत जाणारा हा रस्ता म्हणजे कोपर्निकस मार्ग. दिल्लीत आलात तर एकदा तरी चालून पाहा. कमानी सभागृह, श्रीराम भारतीय कला केंद्र, एलटीजी, दूरदर्शन भवन, फरीदकोट हाऊसमधले राष्ट्रीय हरित लवाद, पंजाब भवन आणि आपले जुने महाराष्ट्र सदन, सगळे या एका रस्त्यावर. नवे सदन २०१३ साली कस्तुरबा गांधी मार्गावर झाले, पण जुन्याची पाटी दिसली की पावले अजूनही हळू होतात.

दूरदर्शनच्या दारातले रंगीत पट्टे

दूरदर्शन भवनासमोर मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या पिढीसाठी 'मंडी हाऊस' म्हणजेच दूरदर्शन. भवन पाहून त्यांना एकदम आठवले, "कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी उभे रंगीत पट्टे यायचे. आम्ही ते बघत बसायचो. आमच्या टीव्हीवर ते राखाडीच दिसायचे म्हणा."

दूरदर्शनवर रंग आला १९८२ साली, स्वातंत्र्यदिनाच्या आणि त्या वर्षीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने. पण ते पट्टे प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी नव्हते. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, तांबडा, निळा असा त्यांचा क्रम ठरलेला असतो, सर्वांत उजळपासून सर्वांत गडदपर्यंत. म्हणून तर काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर ते पायऱ्या-पायऱ्यांनी गडद होत जाणारे राखाडी दिसत. प्रसारण करणारे लोक या पट्ट्यांवरून आपले मॉनिटर जुळवून घेतात.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाबांचा टीव्ही काळा-पांढरा होता. शेजाऱ्यांच्या रंगीत टीव्हीवर सगळ्यांचे चेहरे केशरी दिसत. कोणाचाच टीव्ही अचूक नव्हता. तरीही पाठवणाऱ्याने आपल्या बाजूचा रंग नेमका ठेवायचा, हा नियम होता. का? कारण प्रेक्षकांच्या चुका वेगवेगळ्या दिशांना विखुरलेल्या असतात. कोणाचा टीव्ही केशरी, कोणाचा हिरवट. पण पाठवणाराच चुकला, तर सगळ्यांचे चित्र एकाच दिशेला ढळते.

आता भावाची अडचण सांगते. तो साड्यांचे फोटो दुरुस्त करून देतो. दिवाळीत एका विक्रेत्यासाठी त्याने मोरपंखी साडीचे फोटो केले. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर रंग फिका दिसत होता, म्हणून त्याने तो गडद केला. ग्राहकांच्या मोबाइलवर साडी भडक हिरवी दिसली आणि हातात आली निळसर. चाळीसपैकी अकरा साड्या परत आल्या. त्या कामाचे पैसे कापले गेले, आणि पुढचे काम आलेच नाही.

अनेक स्वस्त लॅपटॉपचे पडदे इंटरनेटवरच्या सर्वसाधारण रंगमापातले, म्हणजे एसआरजीबीतले, साधारण ६० ते ६५ टक्केच रंग दाखवू शकतात. हा रंगमाप १९९६ सालचा आहे आणि आजही बहुतेक फोटो त्याच मापाने पाहिले जातात. मोरपंखी तर निळ्या-हिरव्याच्या सीमेवरचा रंग, तिथे पडद्याची परीक्षाच होते.

मी त्याला विचारले, "साड्या परत आल्या त्या रंगामुळे की फोटो धूसर होता म्हणून?"

तो थांबला. "रंगामुळे."

"मग तू पैसे कशासाठी मोजतोयस?"

इंडिया गेटवरची नावे आणि तुमची नजर

रस्ता संपतो तिथे इंडिया गेट उभे आहे. ४२ मीटर उंच, आणि अंगावर तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली. लांबून पाहिले तर दगडावर नुसता खरखरीतपणा दिसतो. जवळ जात गेलात की ओळी दिसतात, मग अक्षरे. नावे तीच असतात, बदलते ते आपले अंतर.

मॉनिटरचेही असेच आहे. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाच्या ६० कला. सर्वसाधारण चांगल्या नजरेला साधारण एका कलेइतके अंतर असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. त्याहून जवळ असल्या तर त्या मिसळतात. हे मोजायला सोपे आहे. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा, ३ ने गुणा, १००० ने भागा. जो आकडा येईल तितक्या मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका तुम्हाला सहसा सुटा दिसणार नाही.

भाऊ पडद्यापासून ६५ सेंटिमीटरवर बसतो. म्हणजे त्याची मर्यादा साधारण ०.१९ मिलिमीटर. आता २७ इंची पडद्यांचे हिशेब पाहा. २५६० × १४४० च्या पडद्याचा ठिपका ०.२३ मिलिमीटरचा असतो, म्हणजे बारकाईने पाहिल्यास अक्षरांच्या कडा जाणवतील. ४केचा ठिपका ०.१६ मिलिमीटरच्या आत, मर्यादेच्या पलीकडे. ५केचा ०.१२ मिलिमीटर, आणखी पलीकडे. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, ५केवर सुमारे १ कोटी ४७ लाख. मधले ६४ लाख ठिपके घ्यायला तो जवळपास सव्वा लाख रुपये जास्त देणार होता, आणि ते त्याला बसल्या जागेवरून नीट दिसणारही नव्हते.

काहींची नजर याहून तीक्ष्ण असते, आणि दिवसभर बारीक अक्षरे वाचणाऱ्याला ५केवरची अक्षरे अधिक रेखीव वाटू शकतात. तुम्हाला वाटत असतील तर ते खोटे नाही. फक्त तुमच्या कामाचा पैसा त्या फरकातून येतो का, एवढे विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट. जास्त ठिपके काळाबरोबर स्वस्त होतात. २००१ साली आयबीएमने टी२२० नावाचा २२ इंची मॉनिटर आणला होता, ३८४० × २४०० ठिपक्यांचा. किंमत सुमारे २२,००० डॉलर, तेव्हाच्या दराने दहा लाख रुपयांच्या आसपास. आज जवळपास तितके ठिपके तीस-चाळीस हजारांत मिळतात.

रस्त्याचे नाव काय सांगते

परतताना रताळ्याची चाट घेतली आणि फुटपाथवर उभे राहून खाल्ली. भाऊ जरा खट्टू झाला होता. म्हणाला, "म्हणजे महाग वस्तू घेणारे सगळे वेडे?"

मी वर रस्त्याच्या पाटीकडे बघितले. आणि उत्तर तिथेच होते.

कोपर्निकसने पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मांडणारे पुस्तक १५४३ साली प्रसिद्ध केले, दुर्बिणीशिवाय. साधी उपकरणे आणि उघडे डोळे यांवर त्याचे भागले, कारण त्याचा प्रश्न विश्वाच्या मांडणीचा होता. पण ग्रहांच्या जागा वर्तवताना त्याची गणिते जुन्या गणितांपेक्षा फारशी अचूक ठरली नाहीत. पुढे डेन्मार्कच्या राजाने टायको ब्राहेला १५७६ साली एक अख्खे बेट आणि भरपूर पैसा दिला. टायकोने प्रचंड, महागडी उपकरणे बनवली आणि ग्रहांच्या जागा एक-दोन कलांपर्यंत अचूक मोजल्या. ही मोजमापे केप्लरच्या हाती आली. मंगळासाठी त्याने वर्तुळांचा एक हिशेब बसवला, तर फरक फक्त ८ कलांचा राहिला. पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम पावभाग! दुसऱ्या कोणी सोडून दिला असता. केप्लरला ठाऊक होते की टायको ८ कलांनी चुकणार नाही. म्हणून त्याने हिशेब टाकून दिला आणि १६०९ साली जगाला सांगितले की मंगळाची कक्षा लंबवर्तुळ आहे.

तेव्हा महाग वस्तू वेडेपणाची नसते. ज्याचा निर्णय त्या ८ कलांवर अवलंबून आहे, त्याने पैसे मोजावेतच. स्तनांचे एक्स-रे तपासणारे डॉक्टर ५० लाख ठिपक्यांचे खास मॉनिटर वापरतात, कारण तिथे एक बारीक पांढरा कण निसटला तर त्याची किंमत रुग्ण मोजते. चित्रपटाचे रंग ठरवणारा माणूस लाखो रुपयांच्या मॉनिटरसमोर बसतो, कारण त्याने ठरवलेला रंग हजार पडद्यांवर जातो. पण कोपर्निकसचे काम टायकोच्या बेटाशिवाय झाले, हेही खरे.

आणि नुसता थाट वेगळा. २०१९ साली ॲपलने ४,९९९ डॉलरचा व्यावसायिक मॉनिटर आणला आणि त्याच्या स्टँडचे वेगळे ९९९ डॉलर लावले. स्टँडने कोणाचा रंग सुधारत नाही.

मग आम्ही काय केले?

नाटक बघितले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहरू प्लेसला गेलो. या वेळी दुकानदाराला ठिपक्यांबद्दल विचारले नाही. विचारले, "एसआरजीबीतले किती टक्के रंग दाखवतो? पॅनल आयपीएस आहे का? कडेने पाहिल्यावर रंग बदलतो का?" आणि डोंगराऐवजी भावाने पेनड्राइव्हवर आणलेला त्याच मोरपंखी साडीचा फोटो लावायला सांगितला. पिशवीत ती साडीही होती. परत आलेल्या अकरांपैकी एक त्याने विक्रेत्याकडून विकत घेतली होती, आईसाठी.

शेवटी २७ इंची ४के मॉनिटर घेतला, ९९ टक्के एसआरजीबीवाला, ३८ हजारांचा. सोबत कॅलिब्रेटर, १८ हजारांचा. हे मुठीएवढे यंत्र पडद्यावर टेकवून ठेवतात. ते एकेक रंग मोजते आणि पडदा कुठे चुकतो हे कॉम्प्युटरला सांगते. दूरदर्शनच्या पट्ट्यांचाच हा नातू. मात्र जो रंग पडद्याला दाखवताच येत नाही, तो कॅलिब्रेटर आणू शकत नाही, म्हणून नुसते यंत्र घेऊन जुन्या लॅपटॉपवर भागले नसते. आणि पडद्याचे रंग वयानुसार बदलतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी हे मोजमाप पुन्हा करायचे.

एकूण ५६ हजार. तीस भावाचे, सव्वीस बाबांचे, तेही उसने. एफडी शाबूत राहिली.

तुम्हीही असा मॉनिटर, कॅमेरा किंवा मुलांसाठी लॅपटॉप घेणार असाल, तर दुकानात जाण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा: "आत्तापर्यंत माझे नुकसान नेमके कशामुळे झाले?" उत्तर रंग असेल तर रंगासाठी पैसे द्या, डोळे दुखणे असेल तर अक्षरांसाठी. उत्तरच सुचत नसेल, तर थोडे थांबा.

त्या रात्री खोलीवर मॉनिटर जोडला, कॅलिब्रेटरने मोजला आणि भावाने तोच फोटो पुन्हा दुरुस्त केला. मग साडी पडद्याशेजारी धरून बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"दोन्ही सारखेच दिसतायत की रे," ते म्हणाले. "माझ्या फोनवर मात्र दोन्ही हिरवे."

भाऊ हसला. "तुमच्या फोनचं काही करता येणार नाही, बाबा. माझ्याकडून बरोबर गेलंय."