अणूचं औषध

पालकसभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, "ही बाई पोरांना अणूचं औषध पाजणार आहे." सभा तिथेच मोडली. निम्म्याहून जास्त आयांनी मुलांची नावं काढून घेतली. ते वाक्य मला अजून टोचतं.

काम एवढंच होतं, की मुलांच्या यकृतात अ जीवनसत्त्व किती साठलंय ते पाहायचं. यकृत जवळजवळ रिकामं होईपर्यंत रक्तातलं प्रमाण फारसं हलत नाही. म्हणून खूण केलेलं अ जीवनसत्त्व तेलातून द्यायचं आणि दोन आठवड्यांनी रक्त घेऊन ते साठ्यात किती मिसळून गेलं ते मोजायचं. खूण म्हणजे कार्बन-१३. तो किरणोत्सारी नाही, नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड आहे. २० किलोच्या मुलाच्या अंगात तो मुळातच ४० ग्रॅमच्या आसपास असतो. आमच्या डोसात अख्खं जीवनसत्त्वच मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. याच मुलांना लहानपणी चमच्याने पाजलेल्या २ लाख युनिटच्या सरकारी डोसात ते ६० मिलिग्रॅम असतं!

ते डोस मी पिवळ्या दिव्याखाली बनवले होते, कारण साध्या उजेडात अ जीवनसत्त्व बिघडतं. तेलात विरघळवायचं, त्यातलं थोडं पातळ करून ३२६ नॅनोमीटरला मोजायचं, मग उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचं. तेल पिपेटच्या आत चिकटून बसतं, म्हणून आतला दांडा थेट टोकापर्यंत येऊन ते ढकलून काढतो अशीच पिपेट लागते. डोसातलं थोडं जरी मागे राहिलं, तरी हिशेबात मुलाचा साठा फुगतो आणि काठावरचं पोर कागदावर ठणठणीत ठरतं.

अडाणीपणाने संशोधन बुडवलं, असं मी कितीतरी दिवस म्हणत होते. आता म्हणवत नाही; सांगण्यात संशोधकही कमी पडतात. चीनच्या हुनान प्रांतात २००८ साली शाळकरी मुलांना गोल्डन राइस, म्हणजे अ जीवनसत्त्वासाठी तयार केलेला तांदूळ, जड पाण्याने खूण करून खाऊ घातला गेला. तांदळात जनुकीय बदल केलाय, हे पालकांना धड सांगितलंच नव्हतं. २०१२चा तो शोधनिबंध २०१५ साली मागे घेतला गेला. मोजमाप चुकलं म्हणून नव्हे, संमतीची कागदपत्रं पुरी पडली नाहीत म्हणून.

हे ४० ग्रॅम आणि ६० मिलिग्रॅमचे आकडे सही घेण्याआधी, डोसाची कुपी पालकांच्या हातात देऊन सांगायला हवेत. आमच्या संमतिपत्रात ते नव्हते. दोन ओळी वाढवा म्हटलं, तर वरून उत्तर आलं की नैतिकता समितीची मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल, तेवढा वेळ नाही.