पहिला सोपान

12 ऑगस्ट
गाईड पथकातल्या प्रवेश झालेल्या मुलींचा प्रथम सोपानचा सराव आज सुरू केला. पुढे द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. पालक पहिल्याच सभेत त्या शेवटच्या पुरस्काराबद्दल विचारतात. मला काळजी पहिल्याची. इथे कच्चं राहिलेलं पुढे शिबिरात उघडं पडतं.

दिवसभर फक्त रीफ नॉट. आधी उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की गाठ वाकडी बसते आणि ताण आला की सरकते. मुलींनी दोऱ्या ओढून पाहिल्या, तेव्हाच त्यांना पटलं.

21 ऑगस्ट
आज क्लोव्ह हिच. मी दाखवायच्या आधीच मागून आवाज आला, "बाई, अशीच गाठ आम्ही दाव्याला मारतो." घरी दोन म्हशी आहेत तिच्या. नेहमी शेवटच्या बाकावर, तोंडातून शब्द निघत नाही. पुढे बोलावलं. व्हरांड्याच्या खांबाला एक वेढा, त्यावरून तिरपा दुसरा, टोक त्याच्याखालून काढून खसकन ओढलं. मी खडू ठेवला आणि संघ तिच्या हवाली केला.

स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येकाला त्यांच्यातलाच नायक दिला. मुलांनी मुलांकडून शिकायचं, ही या चळवळीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

18 सप्टेंबर
त्रिकोणी पट्टीची झोळी. हात कोपरापेक्षा किंचित वर हवा, गाठ खांद्याजवळच्या खळग्यात, आणि ती रीफच, कारण ती सपाट बसते, टोचत नाही. "बोटं बाहेर का ठेवायची, बाई?" नखं निळसर दिसली तर पट्टी आवळली आहे हे कळावं म्हणून. विचारणारीने लगेच जोडीदारणीची नखं पाहिली आणि पट्टी सैल केली. मन भरून आलं.

9 ऑक्टोबर
चाचणी. एकीची बोलाईन गाठ दोनदा सुटली. सहकारी म्हणाले, "द्या की सही, लहान आहे." नाही दिली. बोलाईनचा फास सरकत नाही, म्हणूनच विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला तो बांधतात. लहान वयाची सूट तिथे कशी द्यायची? ती रडली. मी जवळ बसून पुन्हा शिकवलं.

16 ऑक्टोबर
ती स्वतःहून आली. डोळे मिटून बोलाईन बांधला. सही दिली.

7 नोव्हेंबर
1950 साली याच दिवशी भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेची स्थापना झाली. पुढच्या वर्षी गाईडच्या मुलीही तिच्यात सामील झाल्या. परिपाठानंतर सगळ्यांसमोर बिल्ले लावले. म्हशीवाली आता संघनायिका आहे. तीन बोटांची सलामी देताना तिची मान ताठ होती.

माझ्यासारख्या गाईड कॅप्टन मैत्रिणींना विनंती आहे: वर्षअखेरीच्या घाईत वहीवर एकगठ्ठा सह्या करू नका. प्रत्येक मुलीच्या हातात दोरी द्या, गाठ ओढून पाहा, मगच पेन उचला.