ओशेरेचे शिरस्त्राण

आम्ही मोटारसायकल बाहेर काढली की आई दारात येई आणि आमच्या हेल्मेटवर अंगठ्याने क्रूस काढी. आम्हाला तो भाबडेपणा वाटे. डोके वाचते ते टणक कवचामुळे, अंगठ्यामुळे नव्हे, असे आम्ही तिला एकदा सुनावलेही होते.

पुढे इंग्लंडमधील यॉर्कशायर संग्रहालयात आठव्या शतकातील एका लोखंडी शिरस्त्राणापुढे उभे असताना ते बोल आम्हाला आठवले. १९८२ साली यॉर्कच्या कॉपरगेट भागात खोदकाम चालू असता ते यंत्राच्या पंजाला लागले. नाकावर उतरणारी नक्षीदार पट्टी, गालांवर हलते पत्रे, मानेवर बारीक कड्यांची जाळी. तलवारीचा घाव कोठून येईल याचा घडविणाऱ्याने पुरता विचार केला होता. तरीही कपाळाकडून मानेकडे जाणाऱ्या पितळी पट्टीवर लॅटिन प्रार्थना उमटविली आहे. प्रभू येशूच्या नावाने आरंभ, पुढे पवित्र आत्मा, मग आमेन आणि ओशेरे हे माणसाचे नाव. दुसरी पट्टी एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाते. माथ्यावर दोहोंचा क्रूस होतो. संत पौलाने इफिसकरांस लिहिताना तारणाला शिरस्त्राणाची उपमा दिली, हे आम्ही प्रवचनांत कितीदा ऐकले होते. लोखंडावर पाहिले ते तेथेच.

याहून जुने, सातव्या शतकातील एक शिरस्त्राण शेफिल्डच्या संग्रहालयात आहे. थॉमस बेटमन यांना ते १८४८ साली डर्बीशायरमधील बेंटी ग्रेंज येथील थडग्यात सापडले. त्याच्या नाकपट्टीवर चांदीचा क्रूस आहे, आणि माथ्यावर लाल खड्यांच्या डोळ्यांचे कांस्याचे रानडुक्कर! रानडुक्कर हे तिकडच्या जुन्या धर्मातील रक्षणाचे चिन्ह. क्रूस स्वीकारला, पण डुकरालाही निरोप देववेना. आम्हाला हसू आले नाही. लढाईस निघालेल्याला घरात बसून काय हसायचे?

ओशेरेचे शिरस्त्राण मात्र थडग्यात नव्हते. लाकडी फळ्यांच्या खड्ड्यात, मानेची जाळी आत सारून, कोणी ते नीट ठेवले होते. न्यायला कोणी परतले नाही.

आईला जाऊन आता बरीच वर्षे झाली. आमची कन्या स्कूटर काढते तेव्हा आम्ही दारात जातो. ती घाईत असते, पण हेल्मेट पुढे करते.