अर्धवट आठवण

'एकदा डेंग्यू होऊन गेला ना, आता सुटलात!' असा दिलासा पहिल्या आजारानंतर आम्हांस बहुतेकांनी दिला होता. गोवर-कांजिण्यांच्या अनुभवावर पोसलेला हा समज आम्हीही निमूटपणे मान्य केला. तीन वर्षांनी डेंग्यूने पुन्हा गाठले. पाचव्या दिवशी ताप उतरला, घरच्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच संध्याकाळी पोटात असह्य दुखू लागून ओकाऱ्या सुरू झाल्या. ताप उतरण्याची वेळ हीच डेंग्यूतील खऱ्या धोक्याची वेळ, हे आम्हांस रुग्णालयात कळले.

डेंग्यूचा विषाणू चार प्रकारचा आहे. ज्या प्रकाराची लागण होते, त्याच्यापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासून मात्र काही महिनेच. पुढे त्यांपैकी एखादा आला की जुनी प्रतिपिंडे त्याला ओळखतात, पण अर्धवट. ती त्याला चिकटतात, निकामी मात्र करीत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेले जे दिसेल ते गिळावे, ही काही पांढऱ्या पेशींची रीत. त्यामुळे विषाणू पहारेकऱ्याच्याच खांद्यावर बसून आत शिरतो आणि तेथेच वाढतो. मग प्रतिकाराचा असा कल्लोळ उडतो की केशवाहिन्या पाझरू लागतात व रक्तातील द्रव बाहेर झिरपतो. विषाणू ओसरत असतानाच रोगी खालावतो, तो यामुळे. आमच्या घरचे प्लेटलेटचा आकडा विचारीत होते; डॉक्टरांचे लक्ष रक्त किती दाटले आहे याकडे अधिक होते.

स्कॉट हॉलस्टेड यांनी १९६०च्या दशकात बँकॉकमधील आजारी मुले पाहून या विचाराचा पाया घातला. क्यूबाने त्याला जणू पुरावाच पुरवला. तेथे १९७७ साली पहिल्या प्रकाराची सौम्य साथ आली. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराने १५८ बळी घेतले, त्यांत १०१ मुले होती. १९९७ साली सान्तियागो शहरात दुसरा प्रकार परतला, तेव्हा गंभीर आजारी पडले ते जवळजवळ सारे प्रौढ. वीस वर्षांपूर्वीची आठवण त्यांच्या रक्तात होती. नंतर जन्मलेल्या मुलांच्या रक्तात ती नव्हती.

फिलिपाईन्समध्ये २०१६ साली लाखो शाळकरी मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्यांना या लसीनंतर लागण झाल्यास आजार अधिक तीव्र होऊ शकतो, असे २०१७च्या नोव्हेंबरात उत्पादकांनीच जाहीर केले आणि मोहीम थांबली. लसीने त्या मुलांना जणू पहिली लागण घडवली होती.

'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून काढे विकणाऱ्यांना हे कोण सांगणार? ती नुसती शक्ती नव्हे, स्मृतीही आहे, आणि स्मृती चुकते. दुसरी लागणही बहुतेकांना सौम्यच जाते, हे खरे. तरी गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलीचा ताप उतरला आणि तिची आई पेढे घेऊन आली, तेव्हा आम्ही पेढा हातात धरूनच म्हणालो, "वहिनी, अजून दोन दिवस तिच्यावर नजर ठेवा."