कोठी रोड आणि रिपोर्टातले तीन आकडे

बीपीची गोळी मी पन्नाशीपासून घेते. मागच्या वर्षी कोलेस्टेरॉलही वाढलेलं निघालं: ट्रायग्लिसराइड 238, एलडीएल 142 आणि चांगलं म्हणतात ते एचडीएल अवघं 37. डॉक्टर म्हणाले, बीपी आणि हे दोन्ही एकत्र आलं की रक्तवाहिन्यांवर दुहेरी मार बसतो. तीन महिने रोज चाला, मग पुन्हा रक्त तपासू.

आम्ही फ्रीगंजमध्ये राहतो. पहाटे कोठी रोडला निम्मं उज्जैन चालत असतं. तिथे मी अर्धा तास चालू लागले, आठवड्यातून निदान पाच दिवस. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. जलेबी बंद केली, पोह्यांवरची सेव चिमूटभर.

तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड 165 वर आलं, एचडीएल 41 झालं, वरचं बीपीही सात-आठ अंकांनी उतरलं. एलडीएल मात्र 138. हे म्हणाले, "अगं, एवढं चालून हे तिथंच?" मलाही वाईट वाटलं.

डॉक्टरांनी नीट उलगडून सांगितलं. चालताना स्नायूंना इंधन लागतं, ते रक्तातलं ट्रायग्लिसराइड फोडून वापरतात, त्यातूनच एचडीएलही हळूहळू चढतं. (ट्रायग्लिसराइडचं थोडं श्रेय जलेबीलाही द्यायला हवं.) एलडीएल रक्तातून उचलायचं काम मुख्यतः यकृताचं. नुसत्या चालण्यानं ते फारसं हलत नाही, त्यासाठी स्टॅटिन. ती गोळी त्या दिवसापासून सुरू झाली, चालणंही चालू राहिलं.

आमच्या जाऊबाई दर वैशाखात पंचक्रोशी यात्रेला जातात. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून बळ घ्यायचं आणि भर उन्हात 118 किलोमीटर चालायचं. त्यांच्या श्रद्धेपुढे मी हात जोडते. पण त्यांनाही बीपी आहे आणि एरवी वर्षभर त्या चालायला घराबाहेर पडत नसत. व्यायामानं उतरलेलं ट्रायग्लिसराइड, चालणं दोन-तीन दिवस थांबलं तरी, पुन्हा वर सरकतं, हे मी त्यांना सांगितलं. आता त्या सकाळी माझ्याबरोबर असतात. "एवढं चालतेय तर गोळ्या सोडू का गं?" असं त्यांनी परवा विचारलं, तेव्हा माझे दोन्ही रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवले आणि एलडीएलच्या ओळीवर बोट ठेवलं.