कुर्ल्याची गाडी, अंधेरीचा गंज

#धागा #मुंबईचाइतिहास

१/
अंधेरीतल्या जुन्या सहनिवासाच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीलगत, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी फियाट अजूनही आढळते. टायर बसलेले असतात, काचांवर धुळीचा थर असतो, पण रंग दुरून शाबूत वाटतो. दरवाजाखालच्या पट्टीवर अंगठा दाबला की मात्र पत्रा पापडासारखा मोडतो. ही गाडी जिथे घडली ते कुर्ला अंधेरीपासून काही किलोमीटरवर आहे. तरीही त्या पट्टीचा नवा तुकडा आज सहजासहजी मिळत नाही; तो हाताने घडवावा लागतो. हा धागा त्या तुकड्याचा आणि त्यामागच्या इतिहासाचा.

२/
प्रथम कुर्ल्याकडे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगळूरची हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि विशाखापट्टणमची जहाजगोदी यांच्या पाठोपाठ १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी क्रायस्लरच्या परवान्याने अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे. पुढे १९५० च्या दशकाच्या प्रारंभी इटलीतील ट्यूरिनच्या फियाट कंपनीशी नाते जुळले.

३/
जुळणी आणि निर्मिती यांतला फरक येथे महत्त्वाचा आहे. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जुळवत होती. पण सुटे भाग परदेशातून खोक्यांत येत. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले: ज्यांच्याकडे देशात निर्मितीचा कार्यक्रम नाही त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये काम थांबवले. प्रीमियर टिकली, आणि इटालियन आराखड्याची गाडी टप्प्याटप्प्याने मुंबईची होत गेली.

४/
ती गाडी म्हणजे फियाट ११००. तिचे १९५३ साली जगापुढे आलेले रूप महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ या लाडक्या नावाने ओळखले गेले. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली. १९७० च्या दशकात तीच ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इटलीत या रूपाचे उत्पादन १९६६ मध्ये थांबले. कुर्ल्यात मात्र बहुतांशी तोच सांगाडा विसावे शतक संपेपर्यंत तयार होत राहिला. परदेशी म्हणून आलेली गाडी मायदेशापेक्षा येथे तीन दशके अधिक घडली.

५/
या गाडीच्या रचनेतच पुढच्या दुखण्याचे मूळ आहे. जीपसारख्या गाडीला खाली स्वतंत्र चासी असते. वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. फियाट ११०० मात्र मोनोकॉक आहे. तिथे फ्लोअर, दरवाजाखालची पोकळ पेटी, खांब आणि छत मिळूनच सांगाडा होतो. म्हणून दरवाजाखालची पट्टी सडणे हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. ती पट्टी गाडीचा भार वाहते. ती गेली की गाडी मधोमध खचते, आणि त्याची पहिली खूण म्हणजे दरवाजा नीट न लागणे.

६/
गंज आतून का लागतो? लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंजाची क्रिया सुरू होते. पाण्यात क्षार असतील तर ती अधिक वेगाने चालते. वर्सोव्याच्या समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असते. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पोकळ पेटीच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पावसाचे पाणी आतच राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून बाहेरचा रंग फुगतो. फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेला असतो.

७/
त्यात २६ जुलै २००५ हा दिवस आला. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी अंधेरी पूर्वेच्या मरोळकडून कुर्ल्याकडे वाहते. म्हणजे ज्या नदीकाठच्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली, त्याच नदीच्या पुराने उपनगरांतल्या असंख्य गाड्यांच्या पोकळ्यांत गाळ भरला. गाळ वरून धुता येतो. बंद पेटीतला गाळ ओल धरून वर्षानुवर्षे बसून राहतो.

८/
तरीही दीर्घकाळ पत्र्याची ददात नव्हती, आणि त्याचे श्रेय काळ्या-पिवळ्या टॅक्सीला द्यावे लागते. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांचे मडगार्ड, दरवाजे, बॉनेट यांना रोजची मागणी होती. भंगारात गेलेली टॅक्सी दुसऱ्या गाडीला अवयव देत असे. सांगाडा बहुतांशी एकच असल्याने १९९० च्या दशकातील टॅक्सीचा पत्रा १९६० च्या दशकातील घरगुती फियाटला थोड्या फेरफाराने बसवता येई.

९/
ती साखळी तुटल्याची तारीखही सांगता येते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे नाहीशी झाली. वृत्तपत्रांनी त्या दिवशी हळवे लेख लिहिले. गॅरेजांच्या दृष्टीने अर्थ अधिक रोखठोक होता: अवयव देणाऱ्या गाड्या संपत आल्या, आणि यापुढे पत्रा घडवावाच लागणार.

१०/
पत्रा घडवणे म्हणजे नेमके काय? कारखान्यात सपाट पोलादी पत्रा दोन अवजड साच्यांमध्ये ठेवून प्रेसखाली दाबला जातो; काही क्षणांत मडगार्ड तयार होते. परंतु त्या साच्यांचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला तरच परवडतो. अंधेरीतल्या एका गाडीसाठी साचा कोण करणार? म्हणून डेंटिंगचा कारागीर साच्याचे काम हातोडी, डॉली आणि वाळूच्या पिशवीकडून करून घेतो. प्रेस जे एका दाबात करते, ते तो शेकडो ठोक्यांत करतो.

११/
कामाचा क्रम ठरलेला असतो. प्रथम रंग आणि लांबी खरवडायची. कित्येकदा लांबीखाली जुने ठिगळ आणि ठिगळाखाली आणखी एक ठिगळ निघते. मग छोट्या हातोडीने ठोकत जायचे: धडधाकट पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द. खडूने सीमा आखायची. कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे लोखंडी अँगल जोडायचे, कारण पट्टी कापताच मोनोकॉक खचू शकते. घाईने कापलेली गाडी वाकडी जोडली गेली, तर ती पुन्हा सरळ करणे जवळजवळ अशक्य असते.

१२/
नंतर फर्मा. एक बाजू सडली असेल आणि दुसरी शाबूत असेल, तर शाबूत बाजूवर पुठ्ठा धरून आकार उतरवायचा आणि तो उलटा करायचा. दोन्ही बाजू गेल्या असतील तर दुसऱ्या गाडीवरून माप आणायचे. त्यावरून लाकडी ठोकळा कोरायचा आणि २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा सीआर पत्रा त्यावर ठोकत बसवायचा. सरळ घड्यांची पट्टी अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीसारख्या वसाहतीतील छोट्या कारखान्यात यंत्रावर वाकवूनही मिळू शकते. खरी कसोटी चाकावरच्या कमानीची. तिथे पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळतो. एका ठिकाणी तो ताणावा लागतो, दुसऱ्या ठिकाणी आकसवावा लागतो.

१३/
शेवटी जोड. नवा पत्रा जुन्यावर चढवून वेल्डिंग करणे सोपे. पण दोन पत्र्यांच्या फटीत ओल साचते आणि काही पावसाळ्यांत तिथूनच पुन्हा गंज सुरू होतो. कडेला कड भिडवून जोडणे कठीण, पण टिकाऊ. सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने पत्रा लाटांसारखा उठतो. म्हणून लांब-लांब अंतरावर टाके मारत, मध्ये थंड होऊ देत पुढे जावे लागते. आणि पाणी निथळण्याची भोके पुन्हा पाडावी लागतात. ती विसरली, तर सारे श्रम व्यर्थ.

१४/
जगात याचे दुसरे उत्तरही सापडते. ब्रिटनमध्ये १९७५ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था स्थापन झाली. एमजीबी या १९६२ ते १९८० दरम्यान तयार झालेल्या मोटारीचे मूळ साचे शोधून, ते दुरुस्त करून, १९८८ पासून तिने संपूर्ण नवे सांगाडे विक्रीस आणले. म्हणजे उत्पादन थांबल्यावर आठ वर्षांनी त्याच साच्यांतून तीच गाडी पुन्हा निघू लागली. तेथे साचा म्हणजेच वारसा, हे वेळीच ओळखले गेले. येथे साच्याची स्मृती कारागिराच्या हातात उरली आहे.

१५/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला प्रश्न उभा राहतो. फ्लोअर नवे, पट्ट्या नव्या, कमानी नव्या. मग १९६४ ची गाडी उरली कुठे? हा केवळ तात्त्विक प्रश्न नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ वर्ग आला. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे आली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी.

१६/
मोनोकॉक गाडीत बॉडी शेल हाच सांगाडा. दुरुस्ती कुठे थांबते आणि बदल कुठे सुरू होतो? तंतोतंत त्याच आकाराची, त्याच जाडीची पट्टी ही दुरुस्ती म्हणता येईल. सोय म्हणून जाड पत्र्याची चौकोनी नळी घातली, तर तो बदल. परंतु दोन्ही रंगाखाली झाकले गेले की बाहेरून फरक कळत नाही. ज्या कुटुंबाने आजोबांची गाडी तीन पिढ्या सांभाळली, त्याचा सारा दावा अशा वेळी कारागिराच्या प्रामाणिकपणावर उभा राहतो.

१७/
योगायोग असा की कुर्ल्यातून ‘डिलाइट’ बाहेर पडली त्याच १९६४ साली वास्तुसंवर्धनाची व्हेनिस सनद तयार झाली. तिचा एक दंडक असा: गहाळ भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण रूपाशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून ओळखूही यावा, म्हणजे जीर्णोद्धाराने पुरावा खोटा ठरणार नाही. जुन्या वाहनांसाठी ‘फीवा’ या जागतिक महासंघाने स्वीकारलेली ट्यूरिन सनद याच विचारपरंपरेतली आहे. ट्यूरिन म्हणजे फियाटचेच गाव.

१८/
महाराष्ट्राला ही शिस्त परकी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला आरंभ केला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. मोडी कागदाचे संपादन करणारा अभ्यासक कसरीने खाल्लेली जागा मनाने भरत नाही. अंदाज बांधला तरी तो कंसात ठेवतो. वाचकाला कळले पाहिजे की मूळ कुठवर आहे आणि संपादक कुठून बोलू लागला.

१९/
गाडीला कंस कसा घालायचा? उपाय साधे आहेत. कापण्याआधी प्रत्येक भागाची मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. कापलेला सडका तुकडा भंगारात न टाकता नाव-जागा लिहून जपावा. मूळ पत्र्याची जाडी, स्पॉट वेल्डमधले अंतर, रंगांचे थर हे सारे त्याच्यावरच वाचता येते. नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, जिथे बाहेरून दिसणार नाही तिथे, वर्ष कोरावे. बाहेरून तो गाडीशी एकरूप व्हावा. आतून त्याने आपले वय लपवू नये.

२०/
आणखी एक गोष्ट गंजापेक्षा वेगाने नाहीशी होते आहे. आजच्या गाडीला धडक बसली की मडगार्ड बदलले जाते. ते ठोकून सरळ करण्यात वेळ जातो आणि वेळ महाग असतो. त्यामुळे सपाट पत्र्यातून कमान काढणारा हात नव्या पिढीत क्वचितच तयार होतो. सडलेली पट्टी उद्या पुन्हा घडवता येईल. पण ती घडवायची कशी, हे कुठल्याही पुस्तकात पुरते उतरलेले नाही. हातोडीचा कोन, ठोक्याचा नाद, पत्रा ‘थकला’ हे ओळखण्याची खूण, हे सारे पाहूनच शिकले गेले आहे.

२१/
म्हणून वाचकांना एक विनंती. घरी, शेजारी वा गावच्या वाड्यात अशी गाडी असेल, तर ती दुरुस्तीला जाण्यापूर्वी तिच्या पोटाखालची छायाचित्रे काढून ठेवा. आणि ज्या गॅरेजात ती जाईल तिथल्या वयस्कर मिस्त्रींच्या कामाचे, त्यांची परवानगी घेऊन, चित्रीकरण करा. पुढे कोणी मुंबईच्या मोटार उद्योगाचा इतिहास लिहील, तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्याची कागदपत्रे त्याला लागतीलच. अंधेरीच्या गल्लीत केव्हा, कुणी, कुठला पत्रा जोडला याची नोंदही तितकीच लागेल.

(धागा समाप्त)