सीतेच्या न्हाणीची वाट

आमच्या घरात ‘फिरायला जाणे’ हा शब्दप्रयोग नाही. जायचे ते शेतावर, बाजाराला, लग्नाला, नाही तर मर्तिकाला. देवाला जाणे ही त्यातल्या त्यात हौस. तेव्हा माझे आईवडील आयुष्यात पहिल्यांदा विनाकारण डोंगर चढले, तेही देवीच्याच निमित्ताने, हे ओघानेच आले.

चाळीसगावपासून 18 किलोमीटरवर सातमाळ्याच्या कुशीत पाटणादेवीचे ठाणे आहे. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही कोजागिरी उलटल्यावर गेलो. देवळाजवळून डोंगरी नदी वाहते. भोवती साग, अंजन आणि पुरुषभर वाढलेले गवत. 1986 साली हा सारा मुलूख गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आला. डोंगराच्या पल्याड पितळखोऱ्याची लेणी आहेत. पण तिकडचा योग निराळा.

दर्शन झाले. आता मला बोलायची खुमखुमी होती. वर्गात सरांनी पाटणचा शिलालेख शिकवला होता, आणि तो लेख आमच्याच जिल्ह्यातला, हे ऐकून माझी छाती नाही म्हटले तरी फुगली होती! मी आबांना सांगितले, भास्कराचार्य म्हणून मोठे गणिती होऊन गेले. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ काढला. शके 1128 ची गोष्ट. 1865 साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. लेखाच्या शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत, आणि त्यात बाजारातल्या मालावर मठासाठी काय काय द्यायचे ते लिहिले आहे. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा!

भास्कराचार्यांचे आबांना फारसे काही वाटले नाही. तेलाचे मात्र त्यांनी दोनदा विचारले. घाणेवाल्याची स्वतःची पोरे त्या मठात शिकत होती का, असाही त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर सरांनी वर्गात सांगितलेले नव्हते.

तेवढ्यात मायने नारळवालीकडून बातमी आणली. समोरच्या कन्हेरगडावर सीतेची न्हाणी आहे म्हणे! सीतामाई जिथे न्हाली ती जागा इतक्या जवळ येऊन पाहायची नाही, म्हणजे काय? आबांनी डोंगराकडे मान वर करून पाहिले आणि म्हणाले, “जवळच शे.”

खालून डोंगर नेहमीच जवळ दिसतो. महादेवाच्या जुन्या दगडी देवळापर्यंत आम्ही गप्पा मारत गेलो. रोजच्या रीतीप्रमाणे आबा पुढे, माय चार पावले मागे, सर्वांत मागे मी. मग चढ लागला, आणि गप्पा आपोआप बंद पडल्या. पायाखाली सुटे दगड, वर ऑक्टोबरचे ऊन, लुगड्याला आणि माझ्या ओढणीला कुसळे. आबा काठीने गवत बाजूला सारत होते. थोड्या वेळाने ते थांबले आणि खालची कपाशीची शेते आम्हाला दाखवू लागले. पुढे चपलेचा अंगठा नीट करण्यासाठी थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा दाखवायला काही नव्हते. छातीतून येणारा घरघर आवाज मला मागे ऐकू येत होता.

बारा वर्षे आबा हंगामात जिनिंगमध्ये हमाली करतात. तिथल्या हवेत कापसाचा बारीक फुफाटा सतत उडत असतो. घरी ते बाहेर ओट्यावर झोपतात. आत उकडते म्हणून, असे आम्ही आजवर समजत होतो.

“काय व्हयनं?” मायने विचारले.

“काही नही.”

मायने पाण्याची बाटली दिली, आणि त्यांच्या खांद्यावरची भाकरीची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. मग पदर खोचून ती पुढे झाली. ती पाऊल ठेवायची, मागे वळून पाहायची. आबा बरोबर त्याच दगडावर पाऊल ठेवायचे. एका ठिकाणी नुसता कातळ होता. माय वर चढली आणि खाली हात केला. आबांनी आधी मी कुठे आहे ते पाहिले. मी खाली बसून ओढणीची कुसळे काढू लागले. डोके वर केले तेव्हा दोघेही वर होते.

नागार्जुन गुहेत तीर्थंकरांची मूर्ती आहे. देव कोणाचा हे न विचारता मायने हात जोडले. पुढे न्हाणी. न्हाणी म्हणजे डोंगरात कोरलेले एक साधे लेणे! मायने आत डोकावून चारी भिंती पाहिल्या आणि म्हणाली, “पानी कुठं शे?”

आबा हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना क्वचितच पाहिले आहे. त्या हसण्याचा खोकला झाला, आणि तो किती तरी वेळ थांबेना.

कळण्याची भाकरी आणि ठेचा आम्ही मुकाट्याने खाल्ला. मग मायने सांगून टाकले, यंदा दिवाळीनंतर जिनिंगला जायचे नाही. आबांनी माझ्याकडे बोट दाखवले; हिचे शेवटचे वर्ष यायचे आहे, फी आहे, पुस्तके आहेत. माय म्हणाली, “ते मी देखसु.” कसे, ते तिने सांगितले नाही. मला मध्ये बोलायचे होते. सुट्टीत मीही कामाला जाईन, असे काहीसे. पण ते दोघे एकमेकांशी बोलत होते. माझ्याविषयी असले तरी माझ्याशी नव्हे.

गडाचा माथा अजून बराच वर होता. तिकडे कोणी पाहिलेही नाही.

उतरताना गुडघे बोलू लागले. कातळाशी मायने पुन्हा हात दिला आणि या खेपेस आबांनी मागे पाहिले नाही. देवळाजवळची सपाट वाट आली, माणसे दिसू लागली, तशी माय हळू झाली आणि नेहमीसारखी चार पावले मागे राहिली. आबांनी पिशवीसाठी हात पुढे केला. ती मात्र तिने दिली नाही.